सादाहारू ओह, खेळाडू आणि मॅनेजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या बेसबॉलबद्दल मराठीत काही लिहिले की वाचकांचे प्रश्न फिरून एकाच माणसापाशी येतात. ८६८ होम रनचा आकडा बहुतेकांच्या कानावर आलेला असतो. पुढे एकूण एकोणीस वर्षे हाच माणूस मॅनेजर होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मला स्वतःला त्यांच्या आयुष्याचा हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक जवळचा वाटतो. म्हणून त्याची उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत.

सादाहारू ओह म्हणजे नेमके कोण?

टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघाकडून १९५९ ते १९८० अशी २२ वर्षे खेळलेले डावखुरे फलंदाज. कारकिर्दीत ८६८ होम रन, २,७८६ हिट, २,१७० धावा घरी आणल्या (म्हणजे आपल्या फटक्यावर संघाला मिळवून दिल्या), सरासरी .३०१. पंधरा वेळा ते मोसमातले सर्वाधिक होम रन मारणारे फलंदाज ठरले, त्यांतली तेरा वर्षे सलग. नऊ वेळा लीगचे सर्वोत्तम खेळाडू. १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षे सरासरी, होम रन आणि घरी आणलेल्या धावा या तिन्ही याद्यांत ते पहिले होते.

खेळणे थांबल्यावर तीन वर्षे जायंट्सचे सहायक मॅनेजर, पाच वर्षे मॅनेजर, आणि १९९५ पासून चौदा वर्षे फुकुओका हॉक्सचे मॅनेजर. शिवाय २००६ च्या पहिल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, जपानच्या विजेत्या संघाचे मॅनेजर.

‘ओह’ हे आडनाव जपानी आहे का?

नाही. चिनी ‘वांग’ या आडनावाची ती जपानी वाचणी. अक्षर एकच, अर्थ ‘राजा’. वडील चीनच्या झेजियांग प्रांतातून टोकियोत आले आणि सुमिदा भागात त्यांनी चिनी खानावळ चालवली. आई जपानी. सादाहारू १९४० मध्ये टोकियोतच जन्मले. थोरल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि धाकट्याने इंजिनियर, अशी वडिलांची इच्छा होती. थोरला खरोखर डॉक्टर झाला.

जन्म, शिक्षण, नोकरी सगळे जपानमधले, तरी नागरिकत्व मात्र चीन प्रजासत्ताकाचे, म्हणजे आज आपण ज्याला तैवान म्हणतो त्याचे. ते त्यांनी आजवर बदललेले नाही. १९५७ मध्ये त्यांची शाळा राष्ट्रीय क्रीडा महोत्सवासाठी निवडली गेली, तेव्हा जपानी नागरिक नसल्यामुळे त्यांना खेळता आले नाही. त्याच वर्षी वसंतात त्यांनी त्या शाळेला देशातली एक मानाची शालेय स्पर्धा जिंकून दिली होती! वीस वर्षांनी जपान सरकारने ‘राष्ट्रीय सन्मान पुरस्कार’ नव्याने सुरू केला आणि त्याचा पहिला मानकरी हाच माणूस ठरला. ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत असे मला नेहमी वाटते.

क्रिकेट कळते, बेसबॉल नाही. मग हे आकडे कसे वाचायचे?

थोडक्यात सांगतो. होम रन म्हणजे चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे मारणे. फलंदाजाला एका सामन्यात चार-पाचदाच खेळायला मिळते आणि तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले खेळण्याजोगे चेंडू) झाल्या की तो बाद. चेंडू मारून सुखरूप बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोहोचणे म्हणजे हिट. दहा संधींत तीन हिट मारणारा उत्तम फलंदाज मानतात, .३०१ चा अर्थ तोच. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) खेळता न येण्याजोगे चार चेंडू टाकले तर फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. ओह यांना २,३९० वॉक मिळाले. समोरचे पिचर त्यांना किती भीत असत ते या आकड्यात दिसते. १९६२ ते १९७९ अशी अठरा वर्षे लीगमधले सर्वाधिक वॉक त्यांचेच होते.

ते पहिल्यापासून डावखुरे खेळायचे का?

नाही, आणि यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. चेंडू ते डाव्या हाताने टाकत, पण फलंदाजी उजव्या हाताने करत. सुमिदा परिसरातल्या एका मैदानावर शाळकरी मुलांचा सामना चालला होता. तिथून जाणारा एक व्यावसायिक खेळाडू थांबून पाहू लागला आणि मुलाला म्हणाला, डाव्या बाजूने मारून बघ. मुलाने मारले आणि चेंडू दूर गेला. त्या खेळाडूचे नाव हिरोशी अराकावा. पुढे सात-आठ वर्षांनी याच माणसाच्या घरात ओह यांचे आयुष्य बदलायचे होते.

शाळेत ते पिचर होते ना?

हो, आणि अव्वल दर्जाचे. १९५७ च्या वसंतात कोशिएन मैदानावरच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत वासेदा जित्सुग्यो शाळेसाठी त्यांनी बोटांना फोड आलेले असताना पिचिंग केले. चेंडूला रक्त लागत होते, तरी अंतिम सामना जिंकला. त्याच उन्हाळ्यात अकरा डावांच्या (एरवी नऊ असतात) एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मारू दिली नाही. जायंट्सने त्यांना करारबद्ध केले आणि थोड्याच दिवसांत सांगून टाकले: पिचिंग विसर, पहिल्या बेसवर उभा राहा आणि बॅट धर.

सुरुवात कशी झाली?

वाईट. एप्रिल १९५९ मधल्या पदार्पणात समोर कोकुतेत्सु संघाचे दिग्गज पिचर मासाइची कानेदा होते. दोनदा स्ट्राइकआउट, एक वॉक. त्यानंतरही हिट येईना. सव्वीस वेळा हात हलवत परतल्यावर सत्ताविसाव्यांदा पहिली हिट मिळाली, ती मात्र होम रन. वर्षअखेर सरासरी .१६१.

प्रेक्षकांनी त्यांच्या नावावरच घोषणा केली: ‘ओह, ओह, सान्शिन-ओह’. सान्शिन म्हणजे स्ट्राइकआउट, ओह म्हणजे राजा. स्ट्राइकआउटांचा राजा! आडनावाचा अर्थच असा उलटून अंगावर यावा, तेही वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. पुढची दोन वर्षे जरा बरी गेली, पण १९६१ च्या मोसमाचा आकडा होता १३ होम रन. ज्याच्यासाठी संघाने एवढे पैसे मोजले होते त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

एका पायावर उभे राहून फलंदाजी करण्याचा प्रकार नेमका काय होता?

ओह यांचा दोष एका शब्दात सांगायचा तर घाई. चेंडू येण्याआधीच शरीर पुढे झुके, हात आधी हलत, आणि बॅट चेंडूवर यायची तेव्हा जोर संपलेला असे. १९६२ च्या मोसमासाठी जायंट्सचे मॅनेजर तेत्सुहारू कावाकामी यांनी अराकावा यांना फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून आणले, तेच ते मैदानाकडेला थांबलेले गृहस्थ. अराकावा ऐकिदो या जपानी युद्धकलेचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांच्याकडे शिकत होते. ऐकिदोत ‘मा’ नावाची कल्पना आहे: दोन माणसांमधले अंतर आणि वेळ, जी दोघांमध्ये तरंगत असते. ती आपल्या ताब्यात हवी.

अराकावांनी उपाय काढला तो असा. पुढचा उजवा पाय उचलूनच उभे राहायचे. एका पायावर तोल सांभाळणारा माणूस घाईने पुढे झुकूच शकत नाही, झुकला तर पडेल. म्हणजे शरीराला थांबायला भाग पाडायचे. १ जुलै १९६२ रोजी कावासाकीच्या मैदानावर ताइयो संघाविरुद्ध ओह पहिल्यांदा सामन्यात असे उभे राहिले आणि त्या दिवशी तीन हिट मिळाल्या, त्यांत एक होम रन. त्या मोसमाचा आकडा ३८ वर गेला. तेरावरून अडतीस.

मात्र एका दिवसाची जादू म्हणून ही गोष्ट सांगितली की मला वाईट वाटते, कारण खरे काम त्यानंतर सुरू झाले. रोज सामन्याआधी आणि सामन्यानंतर अराकावांच्या घरी सराव चाले. पायांखालच्या तातामी चटया झिजून गेल्या. पुढे खरी जपानी तलवार हाती आली: छतावरून कागदाची पट्टी टांगायची आणि एका वारात ती कापायची. कागद हलका असतो, वाऱ्याने हलतो. घाईने वार केला की तो नुसता उडतो, कापला जात नाही. पाते, मनगट आणि कंबर एका रेषेत, एका क्षणी आली तरच तो दुभंगतो. ही साधना वर्षानुवर्षे चालली.

परदेशी पत्रकारांनी या उभे राहण्याला फ्लेमिंगोची उपमा दिली. जपानमध्ये त्याला ‘इप्पोन-आशी’ म्हणतात, सरळ अर्थ ‘एक पाय’.

सर्वोत्तम मोसम कोणता?

माझ्या मते १९६४. त्या वर्षी ५५ होम रन झाले, आणि ३ मे रोजी एकाच सामन्यात चार. दोन दिवसांनी हिरोशिमाच्या संघाने आपले क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या अर्ध्यात गोळा केले, कारण ओह यांचा चेंडू तिकडेच जाई. ‘ओह शिफ्ट’ ती हीच. डावी बाजू मोकळी पडली होती, तिकडे हलका फटका मारून सहज हिट मिळाली असती. त्यांनी आपला फटका बदलला नाही. तुम्ही कुंपणाच्या आत हवे तितके उभे राहा, मी चेंडू पलीकडे पाठवतो, असा तो हिशेब होता.

नागाशिमा आणि ओह यांची जोडी एवढी प्रसिद्ध का?

शिगेओ नागाशिमा तिसऱ्या बेसवर, ओह पहिल्या बेसवर, फलंदाजीत दोघे पाठोपाठ. आद्याक्षरांवरून त्यांना ‘ओ-एन’ म्हणत. १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षे जायंट्सने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले ते या दोघांच्या जोरावर. नागाशिमा उत्स्फूर्त, लोकांचे लाडके, तर ओह अबोल आणि काटेकोर. आकडे ओह यांचे मोठे होते, पण टोकियोचे प्रेम नागाशिमांवर अधिक होते. ओह यांनी ते कधी कडवटपणे घेतले नाही. नागाशिमा जून २०२५ मध्ये गेले.

८६८ हा जागतिक विक्रम मानायचा का?

अमेरिकेत हँक एरन यांचे ७५५ आणि नंतर बॅरी बाँड्स यांचे ७६२ होम रन आहेत. ३ सप्टेंबर १९७७ रोजी टोकियोच्या कोराकुएन मैदानावर याकुल्ट संघाच्या यासुजिरो सुझुकी यांच्या चेंडूवर ओह यांनी ७५६ वा होम रन मारून एरनना मागे टाकले.

आक्षेप ठरलेले आहेत: जपानी मैदाने लहान होती, पिचिंगचा दर्जा अमेरिकेइतका नव्हता. दोन्हींत तथ्य आहे. पण जपानचा मोसम सामन्यांच्या संख्येने लहान होता. ओह २,८३१ सामने खेळले, एरन ३,२९८. दोन वेगळ्या लीगचे आकडे एका तराजूत घालू नयेत, एवढेच मी म्हणेन. खुद्द त्या दोघांनी हा वाद कधी वाढवला नाही. १९७४ मध्ये कोराकुएनवर दोघांची होम रन स्पर्धा झाली, एरन १० विरुद्ध ९ असे जिंकले. पुढे दोघांनी मिळून मुलांसाठी जागतिक बेसबॉल मेळावा सुरू केला.

बेसबॉलमध्ये मॅनेजर काय करतो?

जपानीत त्याला ‘कांतोकू’ म्हणतात. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो, बेसबॉलमध्ये ते मॅनेजरच घेतो: कोण खेळणार, कितव्या क्रमांकावर, पिचर कधी बदलायचा. हरलो तर पहिले बोट त्याच्याकडे.

जायंट्सचे मॅनेजर म्हणून ते अपयशी ठरले का?

तसे म्हणतात, मला ते अर्धेच पटते. १९८४ ते १९८८ या पाच वर्षांत त्यांचा संघ एकदाही तिसऱ्याच्या खाली गेला नाही. १९८६ मध्ये तर जायंट्सने ७५ सामने जिंकले आणि हिरोशिमाने ७३, तरी विजेतेपद हिरोशिमाला मिळाले. बरोबरीचे सामने वगळून टक्केवारी काढतात, आणि हिरोशिमाच्या बरोबरी जास्त होत्या. १९८७ मध्ये सेंट्रल लीग (जपानच्या दोन लीगपैकी जायंट्सची) जिंकली, पण दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या जपान सिरीजमध्ये सेइबुने ४-२ असे हरवले. त्या शेवटच्या सामन्यात सेइबुचा तरुण काझुहिरो कियोहारा विजयाच्या उंबरठ्यावर मैदानातच रडू लागला. दोन वर्षांपूर्वी जायंट्सने त्याला डावलून त्याच्याच शाळेतल्या पिचरला निवडले होते.

टीका होई ती पिचर बदलण्यावर. संकट आले की ते योशिताका काटोरी यांना बोलावत, इतक्या वेळा की ‘पिचर, काटोरी’ हे लोकांच्या तोंडी बसले. मला यात तोच जुना दोष दिसतो: घाई. फलंदाज ओह थांबायला शिकले होते, मॅनेजर ओह अजून शिकायचे होते. आणि जायंट्समध्ये थांबायला वेळ कोण देतो? १९८८ च्या शेवटी त्यांना जावे लागले.

एका मोसमातला ५५ होम रनचा विक्रम वाचवण्यासाठी त्यांच्या संघाने परदेशी फलंदाजांना खेळू दिले नाही, हे खरे का?

घटना खऱ्या आहेत. १९८५ मध्ये हानशिनचे रँडी बास ५४ वर होते आणि शेवटचे सामने ओह यांच्या जायंट्सविरुद्ध होते. पिचरांनी त्यांना बहुतेक वेळा मुद्दाम वॉक दिले. २००१ मध्ये टफी ऱ्होड्स ५५ वर असताना ओह यांच्या हॉक्सने तेच केले, २००२ मध्ये अ‍ॅलेक्स काब्रेरा यांच्या वाट्यालाही तेच आले. आपण तसा आदेश दिला नव्हता, असे ओह यांनी सांगितले आहे.

मला ते प्रामाणिक वाटतात, पण एवढ्याने प्रश्न संपत नाही. आदेश न देणे वेगळे आणि ‘त्याला खेळू द्या’ असा आदेश देणे वेगळे. मैदानावर शेवटचा शब्द त्यांचाच होता. परका म्हणून स्वतः एकदा बाहेर बसवले गेलेल्या माणसाकडून मला तो दुसरा आदेश हवा होता. अखेर २०१३ मध्ये याकुल्टच्या व्लादिमिर बालेंटिन यांनी ६० होम रन मारून तो विक्रम मोडला, आणि ओह यांनी मनापासून अभिनंदन केले.

टोकियोचा माणूस फुकुओकाला कसा गेला?

सहा वर्षे ते मैदानाबाहेर होते. हॉक्स हा मुळात ओसाकाचा नानकाई संघ. १९८८ च्या अखेरीस डाएई या दुकानांच्या साखळीने तो विकत घेऊन क्यूशू बेटावर नेला. १९७८ पासून हा संघ पहिल्या तिनांत आलाच नव्हता. तिथले सूत्रधार रिकुओ नेमोतो यांनी ओह यांना गळ घातली, ती मोठ्या चिकाटीने. नव्या लीगमध्ये, हजार किलोमीटर दूर, हरण्याची सवय जडलेल्या संघाकडे जायचे होते. ओह गेले.

पहिल्या वर्षी पाचवा क्रमांक. दुसऱ्या वर्षी शेवटचा.

बसवर अंडी फेकल्याचा प्रसंग काय आहे?

९ मे १९९६. ओसाकाच्या निस्सेइ मैदानावर हॉक्स पुन्हा हरले होते. बाहेर पडणाऱ्या बसला चिडलेल्या समर्थकांनी अडवले आणि काचांवर अंडी आपटू लागली. आत खेळाडू मान खाली घालून बसले होते. त्यांच्यात बसलेल्या माणसाने ८६८ होम रन मारले होते आणि त्याच्यावर असे काही फेकण्याची हिंमत त्याआधी कोणाची झाली नव्हती.

खेळाडूंनी नंतर सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: ओह शांत होते. अंडी फेकणारेच खरे आपले लोक आहेत, आपण जिंकलो तर हेच टाळ्या वाजवतील, आणि त्यासाठी जिंकण्यावाचून मार्ग नाही, असे त्यांनी संघाला सांगितले. त्या बसमध्ये हिरोकी कोकुबो नावाचा तरुण फलंदाज होता, आणि संघात केंजी जोजिमा नावाचा एकोणीस वर्षांचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) होता. मालकांनी ओह यांना काढले नाही, नेमोतो पाठीशी राहिले. ओह यांनी तरुणांना काढले नाही. जायंट्समध्ये जो वेळ मिळाला नव्हता तो इथे मिळाला, आणि तो त्यांनी पुढे वाटला. १९९७ मध्ये संघ चौथा आला, १९९८ मध्ये तिसरा.

मग यश केव्हा आले?

१९९९ मध्ये. २५ सप्टेंबरला फुकुओका डोममध्ये पॅसिफिक लीगचे विजेतेपद ठरले आणि खेळाडूंनी ओह यांना खांद्यावर नव्हे, थेट हवेत उडवले. जपानमध्ये मॅनेजरचा सन्मान असाच करतात. नंतर जपान सिरीजमध्ये चुनिचीला ४-१ असे हरवले. हॉक्सचे हे ३५ वर्षांतले पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद. नेमोतो मात्र त्याच एप्रिलमध्ये वारले होते.

२००० मध्ये समोर जायंट्स होते आणि त्यांचे मॅनेजर नागाशिमा! साऱ्या देशाने वाट पाहिलेली ही ‘ओ-एन’ सिरीज हॉक्स ४-२ ने हरले. नेमक्या त्याच दिवसांत फुकुओका डोम मेंदूच्या शल्यविशारदांच्या परिषदेला आधीच देऊन टाकलेला होता, त्यामुळे सामन्यांमध्ये दोन दिवसांचा खंड पाडावा लागला. संघ अंतिम फेरीला पोहोचेल असे डोमचे आरक्षण करताना कोणाच्या मनात आले नसावे.

माझ्या आवडीचा संघ २००३ चा. जोजिमा, इगुची, मात्सुनाका आणि वाल्देस या चौघांनी प्रत्येकी शंभरावर धावा घरी आणल्या. जपान सिरीजमध्ये हानशिनविरुद्ध सातही सामने यजमान संघानेच जिंकले, आणि सातवा सामना फुकुओकात होता.

२००६ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये जपान तीन सामने हरूनही कसा जिंकला?

दक्षिण कोरियाकडून दोनदा हार, अमेरिकेकडून एकदा. अमेरिकेविरुद्ध ३-३ अशी बरोबरी असताना उंच उडालेला चेंडू झेलला गेल्यावर निशिओका तिसऱ्या बेसवरून धावत आला. धाव दिली गेली, मग अमेरिकन मॅनेजरच्या तक्रारीवर पंच बॉब डेव्हिडसन यांनी ती रद्द केली. ओह मैदानात येऊन वाद घालत होते, तसे ते क्वचितच दिसले असतील. सामना ४-३ असा गेला.

नंतर मेक्सिकोने अमेरिकेला २-१ हरवले आणि दिलेल्या धावांच्या बारीक हिशेबात जपान उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे कोरियाविरुद्ध सातव्या डावापर्यंत धावफलक कोरा होता. ओह यांनी सूर हरपलेल्या कोसुके फुकुदोमे यांना बदली फलंदाज म्हणून पाठवले आणि त्यांनी होम रन मारला. सामना ६-० असा जिंकला. सॅन दिएगोतल्या अंतिम सामन्यात क्यूबाला १०-६ ने हरवले.

ते निवृत्त का झाले?

त्या विजयानंतर चारच महिन्यांनी पोटाच्या कर्करोगासाठी त्यांचे संपूर्ण जठर काढावे लागले. २००१ मध्ये त्यांची पत्नीही याच आजाराने गेली होती. २००७ मध्ये ते डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बसण्याच्या जागेत) परतले, खूप बारीक झालेले. २००८ मध्ये हॉक्स शेवटचे आले आणि त्यांनी थांबायचे ठरवले.

शेवटचा सामना सेंदाईत राकुतेनविरुद्ध झाला. बारा डाव, ०-१ अशी हार. पलीकडच्या डगआउटमध्ये राकुतेनचे मॅनेजर कात्सुया नोमुरा होते: ६५७ होम रन मारून ओह यांच्याखालोखाल दुसरे, आणि एके काळचे नानकाई हॉक्सचेच कॅचर. मॅनेजर म्हणून ओह यांचे एकूण विजय १,३१५.

आज हॉक्समध्ये त्यांचे काय उरले आहे?

ते संघाचे चेअरमन आहेत. संघ २००५ पासून सॉफ्टबँक कंपनीचा आहे. मॅनेजर म्हणून त्यांच्या जागी आलेले कोजी आकियामा १९९९ च्या संघात खेळले होते. त्यांच्यानंतरचे किमियासु कुदो हे त्याच वर्षीचे लीगचे सर्वोत्तम खेळाडू. दोघांनीही मॅनेजर म्हणून जपान सिरीज जिंकल्या, कुदो यांनी पाच. आणि २०२४ पासून त्या जागेवर कोकुबो आहेत, अंडी फुटत असताना बसमध्ये बसलेले.